सांगून हात लावायचा

संपादक घरी आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या नोकरीतले गमतीदार पेशंट लिहा. दिवाळीत लोकांना जड काही नको असतं." मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की माझ्या पहिल्या नोकरीत गमतीदार म्हणावं असं फारसं काही नव्हतं. पण जिंकल्याची एक गोष्ट आहे, ती चालेल का? ते म्हणाले, चालेल. म्हणून लिहायला बसले आहे.

मी चाकणकडच्या शेतकरी घरातली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला. थोरल्या भावानं मला सासरहून परत आणलं आणि भावकीचं बोलणं खाऊन पुण्याला नर्सिंगला घातलं. शिकून बाहेर पडले तेव्हा पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती. पिंपरीला निर्वासितांची वस्ती झाली होती, औषधांचा मोठा कारखाना आला होता, पण चिंचवड अजून गावच होतं. गावठाणाच्या बाहेर, नदीच्या अंगाला एका धर्मादाय ट्रस्टचं वृद्धगृह होतं. त्याचं नाव लिहीत नाही. ट्रस्ट आता नाही आणि ती माणसंही नाहीत. गावातले लोक त्याला म्हाताऱ्यांची धर्मशाळा म्हणत. तिथं मी एकटी नर्स.

हल्ली लोक म्हणतात, पूर्वी एकत्र कुटुंबं होती, म्हाताऱ्यांचे हाल होत नव्हते. असं म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही. आमच्याकडे दोन लांबलचक खोल्या भरलेल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं-पुतणे होते.

पहिल्या दिवशी व्यवस्थापक नानासाहेब मला घेऊन फिरले. धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी, बोलणं अगदी सौम्य. माणूस वाईट नव्हता. दारातच थांबून ते म्हणाले, "बाई, इस्पितळात माणसं बरी व्हायला येतात. इथं शेवटचे दिवस काढायला येतात. हे ध्यानात ठेवलंत म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही."

मी आत गेले. वास आधी आला, माणसं मागाहून दिसली. चादरी ओल्या होत्या. दात नसलेल्यांच्या ताटात सकाळची कडक भाकरी तशीच पडलेली. पाण्याचे तांब्ये भिंतीशी ओळीनं मांडलेले, एकाही खाटेवरून हात पोचणार नाही असे. मी सेविकेला विचारलं, "तांब्ये इतके लांब का?"

तिचं नाव हौसाबाई. पदर खोचलेला, हातात केरसुणी. ती म्हणाली, "नर्सबाई, पानी पिलं की अंथरुन भिजवत्यात. सगळ्या म्हाताऱ्यांना मी एकटी. कितींची अंथरुनं धुऊ?"

तिच्या बोलण्यात निगरगट्टपणा नव्हता, थकवा होता. पहाटे चूल पेटवण्यापासून संध्याकाळी दिवे लावण्यापर्यंत सगळं तीच करत होती. त्यातून तिनं तिच्यापुरत्या युक्त्या काढल्या होत्या. पाणी लांब ठेवायचं ही एक. उठून पडतील त्यांना बांधून ठेवायचं ही दुसरी.

बायकांच्या खोलीत तुळसाबाई नावाची म्हातारी होती. मांडीचं हाड मोडल्यापासून उताणी पडून होती. मी तिला कुशीवर केलं तर कमरेखाली मूठ जाईल एवढी जखम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाडाखालची कातडी दबते, तिथलं रक्त थांबतं आणि मांस सडायला लागतं. आम्ही त्याला बेडसोर म्हणतो. त्यावर मोठं औषध नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, जागा कोरडी ठेवायची, पोटात नीट अन्न जाईल असं बघायचं. एवढंच. पण मोडक्या हाडाच्या माणसाला कुशीवर करायला दोन माणसं लागतात, आणि हौसाबाईला दुसरं माणूस नव्हतं. मी आल्यावर दोघी झालो खऱ्या, पण दोन खोल्यांना दोघी म्हणजे काहीच नाही. मी इकडे जखम धुवायला बसले की तिकडे हौसाबाई एकटी.

पुरुषांच्या खोलीत अगदी कोपऱ्यातल्या खाटेवर धोंडीबा होता. दोन्ही मनगटं जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी खाटेच्या बाजूच्या दांड्यांना बांधलेली. कुरुळीचा पैलवान. कान मोडलेले, खांदे अजून दाराएवढे, दाढी छातीपर्यंत वाढलेली. पुतण्यानं बैलगाडीत घालून आणून सोडला होता.

"त्याच्याजवळ जाऊ नका," हौसाबाई म्हणाली. "डोकं फिरलंय त्याचं. माझा दात पाडलाय." तिनं ओठ वर करून दाखवला. खरंच पडला होता.

नानासाहेबांनीही तेच सांगितलं. ट्रस्टची मंडळी चैत्रात पाहणीला येत. ती येऊन गेली की धोंडीबाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं ठरलं होतं. आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा गावातून येत. तरुण आणि कामाचा माणूस, पण धोंडीबानं एकदा त्यांची छाती तपासायची नळी हिसकावून फेकल्यापासून तेही त्याला दारातूनच बघत.

मी काही दिवस लांबूनच त्याच्यावर नजर ठेवली. एक गोष्ट ध्यानात आली. हौसाबाई न बोलता यायची, न बोलता त्याच्या अंगावरचं कांबळं ओढायची, न बोलता तोंडात घास कोंबायची. तिला वेळ कुठं होता बोलायला? आणि प्रत्येक वेळी कांबळं ओढलं की तो ताठ व्हायचा, मान वळवायचा. मान वळायची ती मात्र भलतीकडेच.

एका सकाळी मी दारातूनच हाक मारली. घरी बोलते तशी बोलले. "धोंडीबाबा, मी नर्स हाय. चाकनकडची लेक हाय. मी तुमच्याजवळ येतेय."

मी चालत जवळ गेले.

"आता खाटंच्या उजव्या अंगाला हाय. तुमच्या हाताला हात लावनार हाय. लावू का?"

त्यानं मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "लाव."

मी हात लावला. तो दचकला नाही. मनगटाची कातडी पट्टीखाली सोलवटली होती. मी म्हटलं, "पट्टी सोडते. मंग गरम पान्यानं हात धुते." तेही त्यानं करू दिलं. पाणी लागलं तसा हा एवढा मोठा माणूस मुसमुसून रडायला लागला.

"पोरी," तो म्हणाला, "समदं धुकं झालंय. कुनी येतंय कळत न्हाई. एकदम अंगावर हात पडतो. आखाड्यात पाठीमागून हात पडला तर मानूस काय करंल? मी काय येडा हाय व्हय?"

मी त्याची मान खिडकीकडे वळवली. दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या. मोतीबिंदू. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. घरच्यांना वाटलं, वयाप्रमाणे व्हायचंच. मग तो अंधूक प्रकाशात ठेचकाळायला लागला, भांडी लवंडायला लागला, नातवंडं अंगाशी आली की दचकून ढकलायला लागला. एक नातू उंबऱ्यावर पडला आणि त्याचं कपाळ फुटलं. त्यानंतर गाडी जुंपली.

त्या आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा मी त्यांनाही दारातून हाक मारून मगच आत यायला लावलं. ते थोडे हसले, पण तसंच केलं. "पैलवान, मी डॉक्टर. डोळे बघतो." धोंडीबानं मान वर केली. डॉक्टरांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले आणि उठता उठता म्हणाले, "पिकलाय. दोन्हीकडे. मी चार महिने दारातून काय बघत होतो कुणास ठाऊक." पुण्याला त्यांच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांना विचारून ते खाट मिळवून देणार होते.

नानासाहेबांना मात्र हे पटेना. "बाई, त्यानं रेल्वेत कुणावर हात टाकला तर? इस्पितळात धिंगाणा घातला तर? नाव संस्थेचं जाईल."

मी म्हटलं, "नाहीतरी तुम्ही त्याला पाठवणारच आहात. आधी मला नेऊ द्या. त्यानं कुणावर हात टाकला तर तुम्ही म्हणाल तिथं पाठवा, आणि त्याच्याबरोबर माझा राजीनामाही घ्या."

हे मी बोलून गेले खरी. नोकरी गेली असती तर भावाच्या दारात परत जायचं, भावकीसमोर. नानासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बरोबर कोण येणार? तुम्हाला तिथं रात्रंदिवस राहता येणार नाही. इथं कोण बघेल?"

हौसाबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी जाते."

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "न बोलता हात लावत हुते ते मीच की. आता बोलंन." तिच्या जागी तिची सून काही दिवस येईल, असंही तिनं तिथंच ठरवून टाकलं.

आम्ही चिंचवड स्टेशनपर्यंत टांग्यानं आणि पुढं गाडीनं गेलो. धोंडीबा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हौसाबाई. हौसाबाई सारखी बोलत होती. "आता पायरी हाय. आता बाकडं. आता एक बाई टोपली घेऊन समोर बसलीय, पाय लांब करू नका." एवढी ती आजवर त्याच्याशी बोलली नसेल. शेवटी तोच म्हणाला, "बया, जरा दम घे."

इस्पितळात सगळं सुरळीत झालं, ते शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत. त्या काळी मोतीबिंदू काढला की माणूस लगेच घरी जात नसे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कित्येक दिवस उताणं, मान न हलवता पडून राहायचं. शिंक, खोकला, झटका, काहीही चालायचं नाही. टाका सुटला तर डोळा गेला. झोपेत रुग्णाचा हात पट्टीकडे जाऊ नये म्हणून तिथं सर्रास हात बांधून ठेवत. नियमच होता तो.

शस्त्रक्रिया करून धोंडीबाला दुपारी वॉर्डात आणलं. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. वॉर्डातली सिस्टर कापडी पट्टा घेऊन आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. पट्टा कातडीला लागला मात्र, धोंडीबाचं सगळं अंग आवळलं. गळ्याच्या शिरा वर आल्या. मी धावत जाऊन त्याच्या कपाळावर तळहात ठेवला. "बाबा, मी हाय. डोकं हलवू नका. डोकं हलवू नका."

"बांधत्यात मला," तो दातांवर दात धरून म्हणाला.

"सिस्टर, थांबा," मी म्हटलं.

"नियम आहे," ती म्हणाली. तिचंही खरं होतं. पट्टा न बांधल्यामुळे ज्यांचे डोळे गेले असे लोक तिनं पाहिले होते. तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीवर आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, "उद्या डोळा गेला तर दोष कुणाचा?"

उत्तर धोंडीबानं दिलं. छातीतून, अगदी हळू. "डाक्टरसाहेब, मी तालमीतला मानूस हाय. वस्ताद सांगायचे तवा येका पायावर दुपारभर हुबा ऱ्हायलोय. हात हलवू नगं म्हनलात तर हलनार न्हाईत. पर बांधू नका. बांधलं की माझं माझ्या हाती ऱ्हात न्हाई."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "आणि झोपेत?"

"झोपंत मी धरीन," हौसाबाई म्हणाली.

पट्टा बांधला नाही. हौसाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं त्याचं मनगट नुसतं हातात धरलं. हळद-मिठाचे हात तिचे, खरखरीत. मला परत चिंचवडला यावं लागलं. जाऊन-येऊन करत होते. प्रत्येक वेळी बघावं तर तो तसाच, दगडातून कोरल्यासारखा, आणि ही त्याला काहीबाही सांगत असलेली. समोरच्या खाटेवरचा काय खातोय, खिडकीतून काय दिसतंय, स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी. वॉर्डातली सिस्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बांधलेले पेशंट याच्यापेक्षा जास्त हलतात हो."

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही दोघी समोर होतो. डॉक्टरांनी पापणी उचलली, जाड भिंग डोळ्यासमोर धरलं. धोंडीबा बराच वेळ हौसाबाईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यो दात माझ्यामुळं गेला व्हय?"

"व्हय," हौसाबाई म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या. आधीच हालत हुता."

मी त्या वॉर्डात, नर्सचा गणवेश घालून, सगळ्यांसमोर रडले. दुसऱ्या डोळ्याचं पुढं काही महिन्यांनी झालं, तेव्हा पट्ट्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून धोंडीबा परत आला. आता तो दोन्ही खोल्यांतून हिंडून सगळं बघू लागला. इतके दिवस त्याला नुसते आवाज ठाऊक होते, आता त्या आवाजांना तोंडं मिळाली. तुळसाबाईच्या खाटेशी तो थांबला. मी आणि अजून थांबलेली हौसाबाईची सून तिला कुशीवर करत होतो आणि ती कळवळत होती.

"तुमी चुकीचं धरताय," तो म्हणाला. मग म्हातारीकडे वाकून, "आक्का, मी धोंडीबा. तुमच्या पाठीखाली हात घालतो. घालू का?"

तुळसाबाईनं मान हलवली. त्यानं एक हात खांद्याखाली आणि एक मांडीखाली घातला आणि तिला अशी उचलून वळवली, की तिच्या तोंडातून आवाजसुद्धा आला नाही. आखाड्यात माणूस उचलायचा तो पाडण्यासाठी, आणि इथं तीच पकड त्यानं उलटी वापरली. त्या दिवसापासून दुसरं माणूस मिळालं. कोंबड्याबरोबर उठून तो दोन्ही खोल्यांतून फिरायचा, खाटेखाट हाक देत. "रामा, मी आलो. कुशीवर घेतो." पैलवान मंडळींना मालीश येतं. लालसर झालेल्या पाठी, आखडलेले गुडघे तो तेल लावून चोळायचा. कुठं चोळायचं नाही, ते मी त्याला दाखवलं. जखम भरायला कित्येक महिने लागले, पण तुळसाबाईची भरली. कडेनं गुलाबी कातडी यायला लागली तेव्हा मी नानासाहेबांना बोलावून दाखवली. ते बघत राहिले. म्हणाले, "मला वाटलं होतं, ही दिवाळी बघणार नाही."

तरीही सगळं नीट झालं होतं असं नाही. हौसाबाई परत आल्यावर तिची सून गेली. माणसं पुन्हा तेवढीच. तांब्ये भिंतीशीच राहिले, कारण भिजलेली अंथरुणं धुणार कोण? आणि चैत्र आला.

पाहणीच्या आदल्या दिवशी पेटीतल्या पांढऱ्या चादरी निघाल्या. खोल्या सारवल्या, उदबत्त्या लावल्या. नानासाहेब खाटेखाट जाऊन सांगत होते, विचारलं तर ठीक आहे म्हणायचं. दरवर्षी असंच होत असे. ट्रस्टची मंडळी आली. त्यांच्यात वयानं सगळ्यांत मोठे काकासाहेब, हातात काठी, स्वतःच जेमतेम चालत होते. ते प्रत्येकाला विचारत, "काय बाबा, ठीक ना?" आणि खाटेवरून उत्तर येई, "ठीक आहे."

धोंडीबा उभा होता. काकासाहेबांनी त्यालाही विचारलं.

"माझं ठीक हाय," तो म्हणाला. "ह्यांचं न्हाई."

नानासाहेबांचा चेहरा उतरला. काकासाहेब म्हणाले, "म्हणजे काय?"

"तुमी जरा ह्या खाटंवर आडवं व्हा. उठू नका. आन् तान लागली तर तो तांब्या घ्या."

बाकीचे ट्रस्टी रागावले, एक जण तर पुढं झाला. पण काकासाहेबांनी काठी माझ्याकडे दिली आणि खरोखर आडवे झाले. हात लांब केला. पोचला नाही. कुशीवर व्हायला गेले, कंबर साथ देईना. पुन्हा हात लांब केला. त्या चष्म्यामागून धोंडीबा नुसता बघत होता. त्यानं मदत केली नाही, आणि दुसऱ्या कुणाचीही पुढं व्हायची छाती झाली नाही.

काकासाहेब पडल्या पडल्याच म्हणाले, "नाना, हे काय आहे?"

नानासाहेब आता गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "साहेब, मी दरवर्षी माणसं मागतो. तुम्ही दरवर्षी पांढऱ्या चादरी बघून परत जाता. चादरी घालायला मीच लावतो, हेही खरं. आज घातल्या नसत्या तर बरं झालं असतं." त्या सौम्य माणसाला असं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

धोंडीबानं वाकून म्हटलं, "साहेब, उठवतो. पाठीखाली हात घालतो." आणि काकासाहेबांना अलगद बसतं केलं. तांब्या हातात दिला. ते सगळं पाणी प्यायले.

पावसाळ्याआधी आमच्याकडे नव्या सेविका आल्या, प्रत्येक खाटेशेजारी लाकडी तिवई आली, दात नसलेल्यांसाठी दुपारी मऊ भात आणि वरण सुरू झालं. नवीन बाई कामाला लागली की हौसाबाई तिला पहिल्या दिवशी डोळे मिटून खाटेवर बसायला लावी आणि न बोलता तिच्या खांद्यावर हात टाकी. बाई दचकली की म्हणे, "कळलं? आता सांगून हात लावायचा." बांधायच्या पट्ट्या तिनं स्वतःच चुलीत घातल्या. पुढं मी मोठ्या इस्पितळांतून नोकऱ्या केल्या, मुलींना शिकवलं, पण याहून चांगला धडा मला कधी देता आला नाही. आधीची कितीतरी वर्षं तिथं जी माणसं गेली, त्यांच्यासाठी मात्र जीव अजून हळहळतो. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

कुरुळीची जत्रा आली तेव्हा धोंडीबा म्हणाला, "पोरी, कुस्त्या बघाव्या वाटत्यात. डोळं परत आल्यापून बघितल्या न्हाईत." नानासाहेबांनी स्वतःच बैलगाडी ठरवली. मी आणि हौसाबाई बरोबर गेलो. मोशीच्या पुढं रस्ता ओळखीचा लागला तसा तो गाडीत उभाच राहिला. गावाला वाटत होतं, धोंडीबा वेडा होऊन कुठं तरी गेला. चष्मा लावून, भगवा फेटा बांधून तो आखाड्याशी गाडीतून उतरला, तेव्हा आधी कुणी ओळखलं नाही. मग एका म्हाताऱ्यानं मोडके कान पाहिले आणि हलगीवाल्याला हात करून थांबवलं. लोक उठून उभे राहिले. गावच्या पाटलानं त्याला हाताला धरून पंचांच्या जागी बसवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं कुस्त्या लावल्या. एकदा सगळे ओरडत होते की पाठ लागली, आणि हा म्हणाला, "न्हाई लागली. बोटभर वर हाय. मला दिसतंय." कुणी हुज्जत घातली नाही.

शेवटची कुस्ती झाली तसा पुतण्या मारुती पुढं आला. मान खाली. बरोबर कपाळावर बारीक व्रण असलेला मुलगा. "काका," मारुती म्हणाला, "चुकलं आमचं. घरी चला. खोली रिकामी करून ठेवलीय."

मला वाटलं, झालं, आपला माणूस गेला. त्याचं घर होतं, त्यानं जायलाच हवं होतं. धोंडीबानं त्या मुलाला जवळ बोलावलं. आधी म्हणाला, "हात लावतो रं," आणि मग त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. मारुतीला म्हणाला, "राग न्हाई माझा. दिवाळीला येईन, चार दिस ऱ्हाईन. पर आत्ता न्हाई जमनार. तिकडं मला काम हाय."

"काम?" मारुतीला कळेना. "या वयात कसलं काम, काका?"

धोंडीबा गाडीत चढला, आम्हा दोघींना हात देऊन वर घेतलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, "दामट जरा, भाऊ. तुळसाआक्का दुपारधरनं एकाच कुशीवर हाय."

हौसाबाई म्हणाली, "नव्या बाया हायेत की तिथं."

"हायेत," तो म्हणाला. "पर तिला माझी सवय झालीय."